काचेचा राणीहार

रिठ्याच्या कोमट पाण्यातून मी हार वर काढला, मऊ ब्रशनं हलकेच घासला, दोनदा चांगल्या पाण्यातून काढला आणि खिडकीशी उजेडात धरला. खडे मेले होते.

इतक्या वर्षांनीही मला दुसरा शब्द सुचत नाही. एकही खडा पडला नव्हता की फुटला नव्हता. सगळे आपापल्या जागी होते. पण अर्ध्या तासापूर्वी जे नुसत्या खिडकीच्या उजेडात निळे-तांबडे चमकत होते, ते आता राखेच्या रंगाचे झाले होते. पातेल्यात बघितलं तर तळाशी चंदेरी कोंडा. बोटानं उचलला, तर बोटाला चिकटला.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. लग्न होऊन कोल्हापुरात येऊन मला चार महिने झाले होते. सासरचा धंदा नाटकांना कपडे आणि दागिने भाड्यानं द्यायचा. खाली 'मेढे ड्रेसवाले' हे दुकान, वर घर. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. यजमान मुकुंद गारगोटीला शाळेत मास्तर, ते शनिवारचे यायचे. त्यामुळे एरवी घरात मी आणि माझे सासरे, मामंजी, दोघंच.

आणि मी निपाणीच्या पोतदारांची मुलगी. तीन पिढ्या सोनारकाम करणाऱ्या घरातली. माझे वडील, आप्पा, या लग्नाला तयार झाले ते मुकुंदच्या मास्तरकीकडे बघून. दुकानाचा विषय निघाला की ते पानाचा डबा शोधायला लागायचे. "सोनाराची लेक काचेच्या घरात दिली," असं चारचौघांत म्हणायचे. चार महिन्यांत दोनदा मला भेटायला आले, पण दोन्ही वेळा मागच्या जिन्यानं वर. दुकानाचा उंबरठा काही ओलांडला नाही.

खरं सांगते, मलाही त्या दुकानाची लाज वाटायची. पत्र्याच्या तलवारी, पुठ्ठ्याच्या गदा, बेगड लावलेले मुकुट. त्यातल्या त्यात एकच वस्तू हातात घ्यावीशी वाटे, ती म्हणजे हा हार. गळ्यालगत बसणारा चार बोटं रुंद पट्टा, एकशे चौदा काचेचे खडे, खाली चांदीचं पाणी दिलेलं पितळ. राणीच्या कामाला वापरायचा म्हणून दुकानात त्याचं नाव राणीहार. मामंजींच्या वडिलांनी तो मुंबईहून आणलेला. मंजुळाबाई कागलकर वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा राणी म्हणून उभ्या राहिल्या, त्या हाच हार घालून. पुढे बाई मोठ्या झाल्या, गावोगाव गाजल्या, पण राणीचं काम असलं की हार मेढ्यांकडूनच जायचा. आता त्या रविवारी शहरातली नाटकवाली मंडळी बाईंचा सत्कार करणार होती आणि बाईंचा निरोप आला होता, "सत्काराला तोच हार घालीन."

गुरुवारी सकाळी मामंजी सांगलीला निघाले. जाताजाता म्हणाले, "हेमा, राणीहार काढून कोरड्या फडक्यानं पूस जरा."

फडक्यानं पूस! मी मनात म्हटलं, हे झालं काचवाल्यांचं. आमच्याकडे दसऱ्याच्या आधी घरादाराचं सोनं रिठ्यात भिजायचं आणि ते काम माझं असायचं. अर्ध्या निपाणीतल्या बायका म्हणायच्या, हेमलताचा हात लागला की जुनी पाटली नवी होते. म्हटलं, दाखवूच यांना पोतदारांची सफाई.

तर ती अशी दाखवली.

मामंजी दुपारी परत आले. माझं तोंड बघून म्हणाले, "काय झालं गं? बरं न्हाई व्हय?"

मी हार त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, हार नाकाशी नेला.

"रिठा?"

"हो."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

ते गादीवर बसले. "फडक्यानं पूस म्हटलं हुतं की गं मी."

"मला वाटलं..."

"सोन्यासारखं वाटलं," त्यांनीच वाक्य पुरं केलं. आवाज जराही चढला नाही, त्यामुळे मला जास्तच रडू आलं.

मग त्यांनी चिमट्यानं एका खड्याच्या चार बारीक नख्या वर केल्या आणि खडा सोडवून माझ्या तळहातावर उलटा ठेवला. "हे बघ. हेच्या पाठीला चांदीचा थर असतोय, आरशाला असतोय तसा. पाणी आत शिरलं की गेला. चमक दिसती पुढनं, पण असती पाठीमागं."

"दुसरे खडे आणू या ना."

"ह्या मापाचे? मोठ्या लढाईच्या आधीचा माल हाय त्यो. आता कुठनं येतोय!"

"मग बाईंना दुसरा एखादा हार..."

"बाईंनी दुसरा मागिटला न्हाई." त्यांनी चष्मा काढला. "जा. जाऊन सांगून ये बाईंना."

"मी?"

"मग कुणी? रिठा मी घातला काय?"

मंजुळाबाई मंगळवार पेठेत भाचीकडे राहायच्या. मी हार रुमालात बांधून गेले तेव्हा वेताच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र केसांचा घट्ट अंबाडा, कपाळावर मोठं कुंकू.

"कोण?"

"मेढ्यांची सून."

"निपाणीच्या पोतदारांची मुलगी ना तू? ये. हार आणलास? दे इकडे."

मी काही सांगायच्या आतच त्यांनी हार हातात घेतला, एकेका ओळीवरून बोट फिरवलं, मागचा आकडा चाचपला. चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. मग त्यांनी हार स्वतःच गळ्यात घातला, मान वर केली आणि विचारलं, "कसा दिसतोय?"

त्या माझ्याकडे बघून विचारत होत्या, पण नजर माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी होती. तेव्हा मला कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, बाईंना दिसतच नव्हतं.

एक 'छान' म्हटलं असतं तर मी सुटले असते. तो शब्द जिभेवर आलाही होता. बाई हार घालून स्टेजवर गेल्या असत्या, लोकांनी आपापसांत कुजबूज केली असती आणि त्यांच्या तोंडावर कुणी काही बोललं नसतं. मी त्यांच्या त्या वर केलेल्या मानेकडे बघितलं आणि म्हटलं, "बाई, वाईट दिसतोय."

"म्हणजे? म्हातारीच्या गळ्यात?"

"तसं नाही. मी तो रिठ्यात धुतला. खड्यांची चमक गेली."

"किती खड्यांची?"

"सगळ्यांची."

बाईंनी हार काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "सांगितलंस कशाला? मला काय कळणार होतं?"

"लोकांना कळलं असतं."

"हं." त्यांनी पुन्हा हारावरून हात फिरवला. "पोरी, लोकांनी मला लखलखतानाच बघितलंय. एवढी वर्षं. हे असलं घालून मी त्यांच्यासमोर उभी राहायची नाही. आणि हा नसला तर मी यायचीच नाही. सांग जाऊन सत्कारवाल्यांना, शाल-नारळ घरी पाठवून द्या म्हणावं."

"असं नका ना करू, बाई."

"मग तू काहीतरी कर. सोनाराची आहेस ना? रविवारी संध्याकाळी पाचला मी गजरा माळते. तोपर्यंत वाट बघीन."

येताना मी मिठाईवाल्याकडून चांदीचा वर्ख घेतला. खड्यांना चांदीच पाहिजे ना, मग ही घ्या चांदी! घरी येऊन पुडी उघडली, तर अर्धा वर्ख उडाला आणि उरलेला माझ्या बोटांना, नाकाला, गालाला चिकटला. खड्याला मात्र काही लागेना. मामंजी बघत होते. एवढ्या दुःखातही त्यांना हसू आवरेना.

"पेढा दिसायलीस गं तू."

मीही हसले. हसता हसता डोक्यात लख्ख उजेड पडला. आप्पांच्या दुकानात जुन्या जडावाच्या कामात मी बघितलं होतं, खऱ्या माणकाखाली, सपाट हिऱ्याखालीसुद्धा चांदीचा पातळ, घोटलेला पत्रा बसवतात. तो नसला तर खडा आंधळाच.

"खऱ्या खड्याखाली? चांदी?" मामंजींचा विश्वास बसेना.

"खऱ्याखालीच."

"म्हंजे खऱ्यालाबी पाठ लागती म्हण की!" असं म्हणून ते जे हसत सुटले, ते संध्याकाळपर्यंत मधूनमधून हसतच होते.

शुक्रवारी पहिल्या एसटीनं मी निपाणी गाठली. आप्पा नुकतेच कामाला बसले होते. मी रुमाल सोडून हार त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर आवळून घेतले.

"काच."

"हो, काच. आप्पा, मला खड्याखालचा चांदीचा पत्रा पाहिजे."

"मी काचेला हात लावत नाही, हेमू. तुला माहीत आहे."

"तुम्ही नका लावू. पत्रा द्या आणि कसा बसवायचा तेवढं दाखवा. हात मी लावते."

"मेली कशानं एवढी?"

"मी रिठ्यात घातला."

आप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं संतापले. पण ते हसत होते. "निपाणीचा रिठा कोल्हापूरला बाधला म्हणायचा!"

मग मी बाईंचं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांचं, वर केलेल्या मानेचं, रविवारी पाच वाजता माळायच्या गजऱ्याचं. आप्पांनी उठून कपाटातून पत्र्याची गुंडाळी काढली. मला दाखवलं, बारीक गोल कसा कापायचा, लाकडी साच्यात दाबून त्याची वाटी कशी करायची, गुळगुळीत दगडानं आतून कसं घोटायचं. हे सगळं हाराला बोट न लावता.

मी पहिला खडा बसवला. आप्पा बघत होते. दुसरा बसवला. ते चुळबुळले. तिसऱ्याला म्हणाले, "सुरकुती पडली की गं. सुरकुती पडली की उजेड तिथंच अडतो." चौथ्याला मी वाटी तिरकी बसवली आणि आप्पांनी हात पुढे केला.

"आण इकडं. चांदी वाया घालवतेस नुसती."

त्यानंतर ते जेवायलासुद्धा उठले नाहीत. मी पत्रा कापून द्यायचा, त्यांनी बसवायचा. ऊन अंगणातून निघून गेलं तेव्हा एकसष्ट खडे झाले होते. आप्पांनी हार रुमालात बांधून माझ्या हातात दिला. "उरलेले तू कर. पण दिवसा कर. दिव्याच्या उजेडात खडा बसवायचा नाही, तो फसवतो."

शनिवारी सकाळी मी दुकानाच्या दारातच चटई टाकून बसले. मामंजी कापून द्यायचे. नऊ वाजेपर्यंत तीन खडे झाले आणि तिन्ही वाकडे. शेजारी ठेवले की आप्पांचे कुठले आणि माझे कुठले, कुणीही सांगितलं असतं. एवढ्यात माझ्या हातावर सावली पडली. वर बघितलं तर आप्पा. काळी टोपी, काखेत हत्याराची पेटी.

"अर्धं काम टाकलं, रात्री जेवण गेलं नाही," ते म्हणाले.

मामंजी लगबगीनं उठले. "या इवाई, या. आज पुढच्या दारानं?"

"मागचा जिना चढवत नाही आता," आप्पा म्हणाले आणि चपला काढून आत आले.

दोघं व्याही समोरासमोर बसले. आप्पांनी माझे तीनही खडे उचकटून पुन्हा बसवले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एक खडा फिरवून फिरवून बघायला लागले. मग दुसरा. मग तिसरा.

"मेढे, हे पैलू पाडलेत कुणी?"

"तिकडं युरोपात काचेची गावंच्या गावं हायत म्हणं. घरटी हेच काम. आधी कुठल्याशा नदीत चमकणारे गोटे गावायचे, त्येच दागिन्यात घालायचे. पुढं गोटे पुरंनात, तवा लोकांनी काचंचे करायला घेतले. काचंत शिसं घालत्यात, म्हणून असा जड लागतोय. मग कुणीतरी पैलू पाडायचं यंत्र काढलं. आमचं वडील सांगायचे, कागदाच्या पुड्यांत मापावर भरून बोटीनं मुंबईला यायचे. लढाई लागली आणि यायचे थांबले."

"नक्कल करायची हिऱ्याची, आणि एवढी मेहनत?" आप्पांनी भिंग काढलं नाही. "एकशे चौदा खडे आहेत. एकाचा पैलू वाकडा नाही. माझ्या दुकानात खरे आहेत त्यांत वाकडे सापडतील."

"यंत्रावर पाडलेले हायत म्हटल्यावर..."

"यंत्रापुढंही माणूसच बसतो की. मन लावून बसलाय." थोड्या वेळानं म्हणाले, "गाव कुठलं म्हणालात?"

"खोक्यावर लिवलेलं हुतं. वाचायलाच आलं न्हाई कधी कुणाला."

आप्पांना ते फार लागलं असावं. नंतर दोनदा त्यांनी विचारलं, ते खोकं अजून आहे का. नव्हतं.

दुपारी मुकुंद गारगोटीहून आले. दारात सासरा आणि बाप मांडीला मांडी लावून बसलेले बघितले आणि काही न विचारता चहा टाकायला आत गेले. आजही मला माझ्या नवऱ्याचा हा गुण सगळ्यात आवडतो.

रविवारी दहाच्या सुमाराला शेवटचा खडा बसला. मामंजींनी हार उन्हात धरला. चमकला! मी टाळ्याच वाजवल्या. पण आप्पा मान हलवत होते.

"हातभरावरनं ठीक दिसतोय. पण पहिली चांदी कारखान्यातली, ही हातानं घोटलेली. लांबून कशी दिसेल, मी सांगू शकत नाही. असलं लांबून बघायचं काम मी कधी केलंच नाही."

"स्टेजवर कळंल," मामंजी म्हणाले, पण त्यांचाही आवाज तितकासा खात्रीचा नव्हता.

पाचला मी बाईंकडे होते. त्यांनी गजरा माळला, अंजिरी शालू नेसल्या. मी हाराचा आकडा लावला.

"चमकतोय?"

"जवळून चमकतोय. लांबून कसा दिसेल ते आम्हालाही माहीत नाही, बाई."

त्या माझ्या आवाजाच्या दिशेनं वळल्या. "खोटं बोलायला शिकली नाहीस अजून. नाटकवाल्यांच्या घरात कशी नांदणार?" मग माझा हात धरून उठल्या. "चल. बघू."

नाट्यगृह तुडुंब भरलं होतं. बाईंना विंगेत भाचीच्या हाती सोपवून मी बाजूच्या बोळातून मागे गेले, तर आप्पा आणि मामंजी पार शेवटच्या भिंतीला टेकून उभे. जागाच नव्हती. आप्पा आयुष्यात पहिल्यांदा नाटकाच्या थिएटरात आले होते आणि चोरासारखे अंग चोरून उभे होते.

पडदा वर गेला. बाई मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. पण पुढे भाषणवाल्यांची रांग, मध्ये माइक, हाराचा मिळून एखादाच ठिपका दिसायचा. एकामागून एक पाच भाषणं झाली. मग अध्यक्षांनी बाईंच्या खांद्यावर शाल घातली, ती अशी मायेनं गुंडाळली की गळाच झाकून गेला. मामंजींनी कपाळावर हात मारला.

बाई बोलायला उठल्या. भाचीनं त्यांना माइकपाशी आणून सोडलं. त्यांनी नमस्कार केला आणि मग शांतपणे ती शाल काढली, घडी घातली आणि बाजूला धरली. समोरचे दिवे थेट गळ्यावर आले.

मी आप्पांकडे बघायचं धाडस केलं नाही.

थिएटर गप्प झालं. मग बाईंनी पुढच्या रांगेतल्या बड्या मंडळींच्या डोक्यावरून मान उंच केली आणि त्यांच्या त्या जुन्या, खणखणीत आवाजात विचारलं,

"मागच्यांनो! मला आता काही दिसत नाही. तुम्हीच सांगा. हार दिसतोय का?"

पुढच्या रांगेतल्या माना मागे वळल्या. एवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी इतक्या जोरात ओरडलं, की मी दचकून बाजूला झाले.

"दिसतोय, बाई! लखलखतोय! इथपर्यंत!"

गिऱ्हाइकाशीही कुजबुजल्यासारखं बोलणारे माझे आप्पा टाचा उंचावून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होते.